मागच्या खोलीची नोंद

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

आज मला कळलं की गेली एकतीस वर्षं मी ग्रंथालयात नुसती बसून होते. तोंडावर कुणी बोललं नाही, पण आमचे कार्यवाह हितेंद्र सामंत यांनी प्रोजेक्टर लावून अर्धा तास जे दाखवलं त्याचा अर्थ तोच. 'जुनी पद्धत' असं लिहिलेल्या चित्रात एक चष्मेवाली बाई रजिस्टरवर मान टाकून झोपलेली. सगळे हसले. त्या खोलीत चष्मेवाली बाई मी एकटीच होते.

तर आमचं लालबागचं सुबोध वाचनालय आता ऑनलाइन होणार. इमारत पाडायची आहे आणि नवी उभी राहीपर्यंत आम्हाला शिवडीला गोदामातला अर्धा गाळा मिळणार. तिथे सगळी पुस्तकं मावत नाहीत. म्हणून प्रत्येक पुस्तक कंप्युटरवर चढवायचं आणि तीन वर्षांत जे कुणी नेलेलं नाही ते बाद करायचं. बाद म्हणजे रद्दीत. हितेंद्र त्याला 'विसर्जन' म्हणाला, म्हणजे ऐकायला बरं वाटतं. मार्चच्या पहिल्या मंगळवारी कमिटीपुढे यादी ठेवणार. या माणसाने स्वतः शेवटचं पुस्तक चार वर्षांपूर्वी नेलं, तेही मुलीच्या निबंधासाठी, आणि परत आलं तेव्हा त्यावर आमटी सांडलेली होती.

मला शिकवायला एक मुलगी आणलीय, नेरिसा. सव्वीस वर्षांची, गिरगावात खोताच्या वाडीत राहते, सहा महिन्यांचं कंत्राट. "हॅलो मॅडम," म्हणाली. मी म्हटलं, मॅडम नको, ताई म्हण. "ओके मॅडम."

मागच्या खोलीची मला काळजी नाही. तिथली पुस्तकं सदा बाहेरच असतात. बाद व्हायचीच असतील तर पुढच्या हॉलमधली होतील, ती चकचकीत, यशस्वी कसं व्हावं सांगणारी. खुशाल होऊ देत.

गुरुवार, ९ जानेवारी

पासवर्डला मोठं अक्षर हवं, आकडा हवा, शिवाय चिन्ह हवं. मी माझं नाव आणि जन्मसाल घातलं तर मशीन म्हणतं, 'कमकुवत'. छप्पन्न वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. तीनदा चुकल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि पंधरा मिनिटं आत घेतलंच नाही. मी चहा पिऊन आले. नेरिसा म्हणते, असं होतं सगळ्यांचं. सगळ्यांचं होतं तर मग बनवलं कुणासाठी?

दुपारी मालन घाडी आली. पंचाहत्तरीची बाई. गिरण्या चालू होत्या तेव्हा चाळीस माणसांची खानावळ चालवायची. आता रहस्यकथा वाचते आणि खुनी कोण ते पहिल्या वीस पानांत जाहीर करते, बहुतेक वेळा चुकीचं. मी मागच्या खोलीतून दोन काढून तिच्या पिशवीत टाकली. नेरिसाने मान वर केली. "मॅडम, एन्ट्री?"

"मागच्या खोलीची एन्ट्री नसते."

ती बघत राहिली, म्हणून सांगावंच लागलं. ब्याऐंशीच्या संपात गिरणी कामगारांची वर्गणी थकली. तेव्हा नियम होता, थकलेल्याचं नाव दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचं. सगळ्यात वर नाव लागलं दत्ताराम मुणगेकरांचं. साचेखात्यातला, म्हणजे मागावरचा माणूस, आठवड्याला दोन पुस्तकं वाचणारा. तो नाव बघून दारातूनच परत गेला आणि आठ महिने आला नाही. तेव्हाचे ग्रंथपाल मयेकर सर शेवटी पुस्तक घेऊन त्याच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, हे कुठल्याच वहीत नाही, वाचा. तेव्हापासून मागच्या खोलीतलं पुस्तक कुणाच्या नावावर लागत नाही. कुणाकडे काय आहे ते ग्रंथपालाने डोक्यात ठेवायचं. सरांनी ठेवलं, आता मी ठेवते. आज एकशे सत्त्याऐंशी बाहेर आहेत. विचार कुठलंही.

"ते ठीक आहे," नेरिसा म्हणाली, "पण मग सिस्टिमला कसं कळणार?"

"त्याला कळून काय करायचंय?"

ती परत स्क्रीनकडे वळली. मुलगी वाईट नाही, पण जे स्क्रीनवर नाही ते जगात नाही अशी तिची समजूत दिसते.

रविवार, १९ जानेवारी

आज वाचनालय बंद, म्हणजे माझी घरपोच पाळी. दत्तारामभाऊ आता चौऱ्याऐंशीचे. गुडघे गेलेत, तिसरा मजला उतरवत नाही. जन्मभरात मुंबई आणि कणकवली यांपलीकडे गेले नाहीत, पण वाचतात फक्त प्रवासवर्णनं. एक तर २०२१ पासून त्यांच्याकडेच आहे, परत मागितलं तर म्हणतात, अजून पोचलंय खंय.

"काय गो कुंदा, आज काय हाडलंस?"

नॉर्वे होतं. आधीच्या पुस्तकावरून त्यांना प्रश्न पडलेला. "थंय सूर्य म्हयनोनम्हयने मावळणा नाय म्हणतत. मगे रातपाळी कशी लावतत?" मला काय सांगता येणार. सुनेने कुळथाच्या पिठीशी भात वाढला, जेवूनच निघाले.

निघताना मी कंप्युटरचं सांगितलं, हसायला विषय म्हणून. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझा नाव खंय घालू नको हां."

मी म्हटलं, नाही घालणार. त्यात शब्द कसला द्यायचा, पण दिला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

महिनाभर बारकोड चिकटवले. बोटांची सालं निघाली. खाली मसाला कुटायच्या डंखांचा मोसम सुरू झालाय, दिवसभर मिरचीचा ठसका आणि वर हे स्टिकर. आज ग्रंथसेतूने (त्या सॉफ्टवेअरचं नाव, कुणीतरी पैसे घेऊन ठेवलं असणार) पहिला अहवाल काढला. हितेंद्रने मोठ्याने वाचला.

मागची खोली. एकूण पुस्तकं दोन हजार एकशे चौदा. गेल्या तीन वर्षांतली देवघेव, शून्य.

मला आधी वाटलं मशीन बिघडलं. मी तसं म्हटलंसुद्धा. हितेंद्र म्हणाला, "बाई, हे मी म्हणत नाही. डेटा म्हणतो." मी म्हटलं, आत्ता या क्षणी एकशे सत्त्याऐंशी पुस्तकं लोकांच्या घरात आहेत. "कुणाच्या?" ते मी सांगू शकत नाही. "मग तुमच्या म्हणण्यावर कमिटीने दोन हजार पुस्तकं शिवडीला न्यायची?"

तो नेहमीसारखा फिदीफिदी हसला असता तर मी चार शब्द सुनावले असते. पण हसला नाही, चक्क समजावणीच्या सुरात बोलला, आणि अंगाचा तिळपापड झाला तो त्यामुळे.

बंद पडलेल्या गिरण्यांच्या वाचनालयांतून आलेली पुस्तकं आहेत ती. टेम्पोतून उतरवताना मी हजर होते. नोंद केली नाही म्हणून ती मेली, असं त्या डबड्याने ठरवलं. घरी येऊन रडले. लिहून टाकते, रडले. चूक अर्थात मशीनची आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नेरिसा आज लवकर आली. म्हणाली, मॅडम, एक रस्ता आहे. जी पुस्तकं बाहेर आहेत ती दिलेल्या तारखेसकट आता चढवायची. जुनी तारीख टाकता येते. खोटं काहीच नाही, फक्त उशिरा लिहिलेलं. "पण ते मला नाही जमणार. कुणाकडे काय आहे ते तुमच्याच डोक्यात आहे. तुम्हालाच टाईप करावं लागेल."

म्हणजे जिथे जायचं नव्हतं तिथेच पोचले.

दत्तारामभाऊंना दिलेला शब्द आहे. त्यावर दुपारभर विचार केला. पुस्तकंच रद्दीत गेली तर तो शब्द पाळून मी त्यांना काय वाचायला देणार? आणि बघतंय कोण? कंप्युटरच्या पोटात नाव, फळ्यावर थोडंच आहे. त्यांना कळायचंही नाही. उद्यापासून बसते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पन्नास झाली. पहिल्या दिवशी चार झाली होती. एका बोटाने टाईप करते म्हणून ऑफिसचा शिपाई विकास बघायला येतो. त्याला दोनदा झाडून घ्यायला पाठवला.

खरं सांगायचं तर यात काही विशेष नाही. सभासद उघडायचा, पुस्तकाचा बारकोड मारायचा, तारीख, जतन करा. एवढ्यासाठी मुली सहा सहा महिने शिकवायला ठेवतात. मी तर शॉर्टकटसुद्धा शोधला, नेरिसाला माहीत नव्हता. ती म्हणाली, "अरे वा, मॅडम," आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं याचाही राग आला.

नावांबरोबर फोन नंबरही घालतेय, माझ्या छोट्या वहीतून. नुसती नावं बघून हितेंद्र म्हणेल, बाईंनी घरी बसून रचली. नंबर असला की लावून बघ म्हणावं. नेरिसा म्हणाली, नंबर टाका, पण शेवटी 'लाइव्ह करा' दाबायच्या आधी मला सांगा, मेसेजचं एक सेटिंग बंद करायचंय. आज हे तिने तिसऱ्यांदा सांगितलं. मी काय बालवाडीत आहे?

बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी होती. किल्ली माझ्याकडे असते. सकाळी देवळात जाऊन आले, वाटीभर साबुदाणा खाल्ला आणि सरळ वाचनालयात जाऊन बसले. उरलेली अकरा संपवली. एकशे सत्त्याऐंशीच्या एकशे सत्त्याऐंशी, तारखांसकट, एकही कागद न बघता. हितेंद्रच्या डेटाने असं करून दाखवावं.

खाली 'लाइव्ह करा'चं हिरवं बटण होतं. नेरिसा उद्या येणार. मी विचार केला, उद्या ती आली की सगळं तयार बघेल. एवढं सगळं मी केलं आणि शेवटचं बटण तिने दाबायचं, हे मला पटेना. दाबलं. 'अभिनंदन' असं आलं. एका मशीनने का होईना, अभिनंदन केलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी दहा वाजता एकशे सत्त्याऐंशी पुस्तकांचे मेसेज गेले.

मला कळलं ते मालनमुळे. अकराला आली, दोन्ही रहस्यकथा हातात, पिशवीत नाही, हातात, सगळ्यांना दिसतील अशा. "सुनेनं वाचून दाखवला मेसेज," म्हणाली. "चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत. 'आपल्याकडील पुस्तकांची मुदत उलटली आहे, त्वरित परत करा.' कुंदा, मी तुझी पुस्तकं पचवली का गं?" मी काही बोलायच्या आत ती गेली.

मग येतच राहिले. पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, एकीने तर उदबत्तीचा वास लागलेलं आणलं, देव्हाऱ्याखाली ठेवलं होतं म्हणे. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. काउंटरपुढे रांग लावून उभे राहिले.

साडेबाराला दत्तारामभाऊ आले. तिसऱ्या मजल्यावरून स्वतः उतरून, काठी टेकत, मध्ये दोनदा बसत आले असणार. अंगात इस्त्रीचा सदरा. नॉर्वे आणि ते २०२१ चं, दोन्ही काउंटरवर ठेवली. मोबाइल पुढे केला. 'मुदत १,३९७ दिवसांपूर्वी संपली.'

"मॅडम," म्हणाले, "सही कुठे करायची?"

मी म्हटलं, दत्तारामभाऊ, असं काय करता, बसा आधी. "बसत नाही. माझ्या मागे लोक आहेत." गावचं एक अक्षर तोंडात नाही, साहेबाशी बोलतात तसं बोलले. मी म्हटलं, "भाऊ, मी नाही हो. हा कंप्युटर. ही नवी मुलगी आलीय, तिने काहीतरी केलं."

नेरिसा बाजूलाच होती. तिने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "सॉरी काका. चुकून गेला मेसेज."

चला, निदान माफी तरी मागितली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

एकशे त्र्याऐंशी परत आली. चार माणसं गावाला आहेत, त्यांनी फोन करून येताच देतो म्हणून सांगितलं. सरांच्या काळापासून एकाही पुस्तकाची चोरी नाही हे मी छातीठोक सांगायची. आता पुरावाच आला. कुणाला दाखवू?

मंगळवार, ४ मार्च

कमिटी झाली. खोली राहिली.

कारण ऐकण्यासारखं आहे. पुस्तक परत येणं हीसुद्धा ग्रंथसेतूच्या लेखी हालचाल. एका दिवसात एवढी परत आल्याने मागची खोली 'सर्वाधिक सक्रिय विभाग' ठरली. लाल पट्टी हिरवी झाली. हितेंद्रने ती पट्टी जणू आपण रंगवली अशा थाटात दाखवली आणि दोन हजार एकशे चौदाच्या दोन हजार एकशे चौदा शिवडीला जाणार असं ठरलं. याच माणसाने महिन्यापूर्वी त्यांचं विसर्जन मांडलं होतं.

मग तक्रारींचा विषय निघाला. म्हाताऱ्या माणसांना असे मेसेज कसे गेले? हितेंद्र म्हणाला, ट्रेनरची चूक आहे, नाहीतरी काम झालंच आहे, तिचं कंत्राट इथेच थांबवू. मला विचारलं, "बाई, ते बटण नक्की दाबलं कुणी?"

मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं?"

हे वाक्य मी म्हटलं. शॉर्टकट शोधणारी मी. नेरिसा तरुण आहे, तिला दुसरं काम मिळेल. माझ्यावर ठपका आला असता तर खोलीचा निर्णयही फिरला असता. हे खरं आहे. अगदीच खोटं तरी नाही.

शनिवार, ८ मार्च

मागच्या खोलीत आज कुणी नाही. काल नव्हतं, परवाही नव्हतं. कपाटं एवढी गच्च मी आजवर बघितली नव्हती. दोन पुस्तकांमध्ये बोट जात नाही.

बाजारात मालन दिसली, मसाला कुटून नेत होती. मी हाक मारली. थांबली. म्हटलं, नवीन रहस्यकथा काढून ठेवलीय. म्हणाली, "नको गं. डोळे साथ देत नाहीत हल्ली." मागच्या महिन्यात हीच बाई दिव्याखाली मध्यरात्रीपर्यंत वाचत बसायची. डोळ्यांना दहा दिवसांत काय होतं?

सगळी पुस्तकं वाचवली मी. शिवडीला जातील, ओळीने उभी राहतील. चिडचिड होते आणि कुणावर करावी ते कळत नाही.

मंगळवार, ११ मार्च

ग्रंथसेतूत 'कृतींचा इतिहास' म्हणून एक पान आहे. नेरिसाने कधी शिकवलं नव्हतं, माझं मीच शोधलं. कुणी कधी काय केलं ते सगळं त्यात असतं. २६ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. लाइव्ह केले: कुंदा पेडणेकर. त्याखाली सूचना, एकशे सत्त्याऐंशी ओळी, प्रत्येकीपुढे माझं नाव. मी शेवटपर्यंत खाली खाली जात राहिले.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि छापील बघणं यात फरक आहे. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. हे पान नेरिसाला पहिल्या दिवसापासून उघडता येत होतं.

ज्या माणसाचं नाव फळ्यावर लावल्यामुळे ही सगळी पद्धत पडली, त्याचंच नाव मी पुन्हा लावलं. आणि लावून वर म्हटलं, मी नाही.

बुधवार, १२ मार्च

हितेंद्रला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "अहो बाई, आता कशाला? इतिवृत्त मंजूर झालं." मी म्हटलं, मग त्याला जोड. लिहून नेलं होतं, सहीसकट. त्याने कागद घडी करून खिशात घातला. खिशातून तो कुठे जाईल ते मला ठाऊक आहे, म्हणून एक प्रत कमिटीतल्या प्रत्येकाला पाठवली. हो, ईमेलने. सगळ्यांना एकदम कसं पाठवायचं तेही येतं मला.

संध्याकाळी नेरिसाला फोन केला. तिला गिरगावातच एका कॉलेजात काम मिळालंय, सोमवारपासून. परत येणार नाही. मी सगळं कबूल केलं.

"मॅडम, मला त्याच दिवशी कळलेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची माणसं समोर होती ना."

मी घाईने कामाचं विचारलं. एका सभासदाला दोनच पुस्तकं मिळतात, ती मर्यादा वाढवता येते का? "येते की. ॲडमिन तुम्हीच आहात." कुठे जायचं ते सांगितलं. हे मात्र मी लिहून घेतलं, आणि तिने सांगितल्यावर पुन्हा वाचून दाखवलं. ठेवताना म्हणाली, "चलो, बाय, ताई."

रविवार, १६ मार्च

दत्तारामभाऊंकडे गेले. सुनेने खुर्ची दिली. ते खिडकीपाशी बसून कालचं वर्तमानपत्र वाचत होते, बहुतेक दुसऱ्यांदा.

मी घोकून गेले होते, ते सगळं विसरले. म्हटलं, "मशीनने नाही केलं. त्या मुलीनेही नाही. नाव मी घातलं, बटण मी दाबलं. तुम्हाला नाही म्हणून सांगितलं होतं आणि घातलं. वर तिच्यावर ढकललं."

त्यांनी पेपरची घडी केली. "खोली राहिली ना?"

"राहिली."

"बरं झालं."

"भाऊ, मला वाटलं, तुम्हाला कळणार नाही."

"संपातही ज्याने खडू धरला त्याला असंच काहीतरी वाटलं असेल," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "त्याचंही पोट होतं. मी त्याला कधी बोललो नाही."

मी पिशवीतून आइसलँड काढलं. त्यांनी हातसुद्धा पुढे केला नाही. मी परत पिशवीत घातलं आणि जिना उतरले. कुणी थांब म्हटलं नाही आणि म्हणायला हवं होतं असंही मला वाटलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

माझ्या नावावर आता तेवीस पुस्तकं आहेत. मर्यादा पाचशे केलीय. पुस्तक मी नेते, नोंद माझी, मुदत माझी, मेसेज माझ्या फोनवर. पुढे ते कुणाच्या घरात जातं ते माझ्या डोक्यात. ग्रंथसेतूला वाटतं, कुंदा पेडणेकर पंधरवड्यात तेवीस पुस्तकं वाचते. वाटू दे. हितेंद्रने तर 'वाचक ऑफ द मंथ' म्हणून माझा फोटो ग्रुपवर टाकलाय. तो माणूस सुधारण्यापलीकडे आहे.

मालनने पहिलं पुस्तक उंबऱ्यातच धरून ठेवलं. "मेसेज आला तर?"

"मला येईल."

"तुझी सून?"

"सून नाही मला. मीच वाचेन आणि मीच मला बोलेन."

तेव्हा घेतलं. पण आत नेताना पदराखाली घातलं. आधी असं करत नव्हती.

रविवार, ६ एप्रिल

काल मालन सांगत होती, दत्तारामभाऊंनी तिला गॅलरीतून हाक मारून वर बोलावलं आणि विचारलं, पुस्तक कुणाच्या नावावर आहे? तिने सांगितलं. त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं.

म्हणून आज गेले. जिन्यात दोनदा थांबले, मला गुडघ्याचं काही नाही तरी. दार त्यांनीच उघडलं. मी आइसलँड पुढे केलं आणि म्हटलं, माझ्या नावावर आहे, तुम्हाला कुणी काही विचारणार नाही.

त्यांनी आधी पुस्तकाकडे बघितलं. कव्हरवर बर्फाचा डोंगर आहे. मग घेतलं.

"किती दिवसांनी परत करायचं?"

मी म्हटलं, भाऊ, वर्षभर ठेवा, अहो दहा वर्षं ठेवा, तुमचंच आहे.

"नको. नियम काय आहे तो सांगा."

"पंधरा दिवस."

"म्हणजे तारीख?"

मी मनात मोजलं. एकवीस एप्रिल, सोमवार. त्यांनी दारामागच्या कॅलेंडरवर पेन्सिलने खूण केली, आभारी आहे म्हणाले आणि दार लावून घेतलं.